आधी पान मांडले, मग काम सांगितले

बायबलच्या पहिल्या पानावरून झालेले वाद बहुतेक पृथ्वीच्या वयाचे आणि उत्क्रांतीचे आहेत. देवाने सृष्टी घडवली ते सहा दिवस चोवीस तासांचे होते की युगांचे, यावर पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्ची पडली. त्या गदारोळात त्याच पानावरची एक गोष्ट नजरेआड राहिली, आणि माझ्या मते आज आपल्याला तिचीच गरज जास्त आहे. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात झाडेझुडपे उगवतात तिसऱ्या दिवशी. माणूस येतो सहाव्या दिवशी. तो जगात पाऊल ठेवतो तेव्हा त्याचे अन्न आधीच तयार असते.

मग देव ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगतो. एकोणतिसाव्या वचनाचा आशय असा: भूतलावरची बी धरणारी प्रत्येक वनस्पती आणि बी असलेले फळ देणारे प्रत्येक झाड मी तुम्हाला दिले आहे, ते तुमचे अन्न. तिसाव्या वचनात तीच पंगत पुढे सरकते. जनावरांना, आकाशातल्या पाखरांना, जमिनीवर सरपटणाऱ्या जिवांना हिरवा पाला. या घटकेपर्यंत माणसाने इकडची काडी तिकडे केलेली नाही. अठ्ठाविसाव्या वचनात त्याच्यावर कामगिरी सोपवली आहे खरी: फलद्रूप व्हा, पृथ्वी भरून टाका, ती सत्तेखाली आणा. पण ती कामगिरी आणि हे अन्न यांच्यामध्ये ‘जर’ आणि ‘तर’ कुठेही नाहीत. अमुक केलेस तर खाशील, असे तिथे म्हटलेले नाही.

भुकेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो मात्र ‘तू करतोस काय?’ हाच. धान्य असो, औषध असो की डोक्यावरचे छप्पर, मदतीच्या प्रत्येक योजनेच्या दारात लायकीचा पुरावा मागणारे कोणीतरी बसलेले असते. फुकट दिले की माणूस आळशी होतो, हे वाक्य तर इतक्या सहज बोलले जाते की ते सिद्ध करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. ज्या समाजांनी ही अट बायबलच्या नावाने घातली त्यांनी बायबलची सुरुवातच उलटी वाचली, असे मला म्हणायचे आहे. त्या कथेत अन्न ही मजुरी नव्हे आणि काम ही अन्नाची किंमत नव्हे. दोन्ही देणग्या आहेत, पण वेगवेगळ्या. एकीला दुसरीची अट केली की दोन्हींचे मोल जाते.

उत्पत्तीचे हे म्हणणे किती धाडसाचे होते, ते शेजारच्या कथा वाचल्याशिवाय कळत नाही. बॅबिलोनियातल्या ‘अत्राहासिस’ या कथेत सुरुवातीला माणूस नाहीच. आहेत ते थोरले देव आणि धाकटे देव. कालवे खणण्याचे काम धाकट्यांच्या माथी. ते वर्षानुवर्षे खणतात, थकतात आणि अखेर एके दिवशी अवजारे जाळून टाकतात. रात्री एन्लिल या थोरल्या देवाच्या घराला वेढा घालतात. या बंडावर तोडगा निघतो तो असा की एका देवाला मारायचे, त्याचे रक्तमांस मातीत कालवायचे आणि त्यातून माणूस घडवायचा, म्हणजे देवांचे ओझे तो वाहील. ‘एनूमा एलिश’ या दुसऱ्या काव्यात मार्दुक हा देवही माणूस घडवण्याचे हेच कारण देतो. देवांना विसावा मिळावा म्हणून माणसाने राबायचे. अत्राहासिसमध्ये पुढे महापूर येतो, माणसे बुडतात आणि देवांवरच उपासमारीची पाळी येते, कारण त्यांना नैवेद्य दाखवायला कोणी उरत नाही. पूर ओसरल्यावर बलिदानाचा पहिला वास सुटतो तेव्हा ते माश्यांसारखे त्याभोवती घोंघावतात.

बॅबिलोनच्या देवांना भूक लागते आणि माणूस त्यांना भरवतो. उत्पत्तीतला देव स्वतः भरवणारा आहे. बायबलच्या पन्नासाव्या स्तोत्रात तो म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळे जग माझेच आहे. ज्याला माणसाच्या श्रमाची गरजच नाही असा देव माणसाला कामाला लावतो, तेव्हा त्या कामाचा अर्थ मुळापासून बदलतो. ते देवाच्या पोटासाठी घेतलेले काम उरत नाही.

अनेक अभ्यासकांच्या मते हा पहिला अध्याय आजच्या रूपात आला तो इ.स.पू. सहाव्या शतकात, बंदिवासाच्या काळात किंवा त्यानंतर. यरुशलेम पडले होते, मंदिर जळाले होते, यहुदी लोकांना बंदी करून बॅबिलोनला नेले होते. जेत्यांच्या कथेत माणूस देवांचा गडी होता आणि राजा देवाची प्रतिमा. मेसोपोटेमिया आणि मिसर (इजिप्त) या दोन्ही ठिकाणी राजाला देवाची प्रतिमा म्हणण्याची प्रथा होती. हरलेल्यांच्या या पानावर ती पदवी सरसकट सगळ्यांना दिली आहे, नर आणि नारी दोघांनाही. आणि इथेही क्रम पाहण्यासारखा आहे. प्रतिमेचे वचन सत्ताविसावे, कामगिरीचे अठ्ठाविसावे. माणसाची किंमत आधी ठरली, त्याला काय जमते हा विषय नंतर आला. जन्मतःच अंथरुणाला खिळलेले मूल या सत्ताविसाव्या वचनात पूर्णपणे बसते. त्याला आत घेण्यासाठी कोणाला वेगळा नियम करावा लागत नाही.

आता दुसरी बाजू. वर जे म्हटले त्यावर कोणी म्हणेल, हे तर ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ झाले. नाही. हरीच्या भरवशावर खाटेवर पडून राहणारा माणूस उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात कुठेही सापडत नाही. हा अध्याय सृष्टीची कथा नव्याने, जवळून सांगतो, आणि त्याची सुरुवात एका उणिवेने होते. शेतात झुडूप नव्हते, रोप उगवले नव्हते, कारणे दोन. देवाने अजून पाऊस पाडला नव्हता, आणि जमीन कसायला माणूस नव्हता. पाऊस वरचा, मशागत खालची. एका वाक्यात दोन्ही शेजारी ठेवली आहेत आणि दोन्हींवाचून जमीन उजाड आहे. पाप, शाप, घाम यांचा अजून पत्ताही नाही. म्हणजे काम ही शिक्षा म्हणून आलेली गोष्ट नव्हे. ते मूळ आराखड्यातच आहे.

पण पुढची पावले कशी पडतात ते पाहा. देव मातीतून माणूस घडवतो. मग पूर्वेकडे एदेनात स्वतः बाग लावतो, दिसायला सुंदर आणि खायला चांगली झाडे उगवतो. नदी वाहती करतो; ती पुढे चार फाट्यांनी जाते, त्यांतल्या दोन म्हणजे आपल्याला नकाशावर दाखवता येणाऱ्या टायग्रिस आणि युफ्रेटिस. एवढे झाल्यावर माणसाला त्या बागेत आणून ठेवतो, तिची मशागत आणि राखण करायला. आणि त्यानंतरची पहिली आज्ञा म्हणजे बागेतल्या सगळ्या झाडांचे फळ खुशाल खा. एका झाडाची मनाई आहे. पण ती मनाई मर्यादेची आहे, श्रमाची नाही. आदामाने किती वाफे खुरपले यावर त्याचे जेवण अवलंबून नाही. ‘दिसायला सुंदर’ हे शब्द तर मला फार महत्त्वाचे वाटतात. नुसते पोट भरायचे असते तर झाड सुंदर असण्याची काही गरज नव्हती. गरिबांसाठी योजना आखणारे किमान उष्मांक मोजतात. या कथेतला देव आधी डोळ्यांचा विचार करतो.

एक गोष्ट सहज वाचताना निसटते. माणूस घडला सहाव्या दिवशी. त्याच्या आयुष्यातला पहिला पूर्ण दिवस सातवा, म्हणजे विश्रांतीचा. देवाने सहा दिवस काम करून विसावा घेतला. माणसाची सुरुवातच विसाव्याने झाली. विश्रांती कमवावी लागते हे आपले ठाम मत आहे, आणि या पानावर त्याला आधार मिळत नाही. पुढे शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी काम न करण्याची, आज्ञा लिहिली गेली तेव्हा तिच्यात दास, दासी, परका, बैल आणि गाढव यांचीही नावे घातली गेली. मिसरात गुलाम म्हणून पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरे बांधताना ज्यांना सुट्टी म्हणजे काय हे माहीत नव्हते, त्यांनी ही आज्ञा जपली यात नवल नाही.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम पुरावा तिसऱ्या अध्यायात आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. निढळाचा घाम गाळून अन्न खाशील, जमीन तुला काटे आणि कुसळे देईल, हे मनाई केलेले फळ खाल्ल्यावर आदामाला ऐकवलेले देवाचेच शब्द आहेत. मग अन्न आणि घाम यांची गाठ खुद्द देवानेच मारली ना? माझे उत्तर असे: ते बिघडलेल्या जगाचे वर्णन आहे, आदर्श राज्याची घटना नव्हे. त्याच उताऱ्यात बाळंतपणाच्या वेदनांचा उल्लेख आहे. म्हणून वेदना कमी करणारे औषध नाकारावे, असे म्हणणारे लोक एकोणिसाव्या शतकात होते. आज कोणी शहाणा माणूस तसे म्हणत नाही. काट्यांचा शाप आहे म्हणून शेतकऱ्याने तण काढू नये, असेही कोणी म्हणत नाही. मग या एकाच उताऱ्यातले घामाचे वाक्य तेवढे भुकेल्यांसाठी कायदा म्हणून का उचलायचे? शिवाय दोनच वचने पुढे काय घडते? ज्या जोडप्याने आज्ञा मोडली त्यांच्यासाठी देव स्वतः चामड्याचे कपडे करतो आणि त्यांना घालतो. बागेतून बाहेर काढण्याच्या आधी. लायक गरीब आणि नालायक गरीब असा भेद करणाऱ्यांनी हे वचन पुन्हा वाचावे. इथे गुन्हा सिद्ध झाला आहे, शिक्षा सुनावली आहे, आणि तरीही कपडे दिले जात आहेत.

ही गाठ राजकीय विचारात घट्ट बसली ती सतराव्या शतकात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मालमत्तेच्या हक्काची मांडणी उत्पत्तीवरून सुरू केली. देवाने पृथ्वी सगळ्या माणसांना मिळून दिली, हे तो मान्य करतो. पण लगेच जोडतो की देताना देवाने श्रमाचीही आज्ञा केली, आणि पृथ्वी दिली ती उद्योगी आणि विवेकी माणसाच्या उपयोगासाठी. हे विशेषण उत्पत्तीत नाही. मूळ देणगी ‘तुम्हाला’ होती, उद्योगी असा वा नसा. अतिगरजू माणसाचा दुसऱ्याच्या जादा अन्नावर हक्क आहे असेही लॉकने अन्यत्र लिहिले आहे, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तरी त्याच लॉकने १६९७ मध्ये गरिबांच्या कायद्यासाठी जो मसुदा लिहिला त्यात मदत घेणाऱ्या कुटुंबांतली तीन वर्षांवरची मुले कामाच्या शाळांत घालण्याची सूचना होती. तीन वर्षांची मुले! तत्त्वात घुसलेले एक विशेषण व्यवहारात कुठवर पोहोचते, त्याचा हा नमुना.

त्याचे पुढचे टोक आयर्लंडमध्ये दिसले. १८४५ मध्ये तिथल्या बटाट्यावर करपा पडला, १८४६ मध्ये जवळजवळ सगळे पीक कुजले, आणि देशातला गरीब माणूस त्या एका पिकावर जगत होता. लंडनच्या सरकारला मदत करायची होती, पण फुकट अन्न देण्याची धास्ती होती. म्हणून त्यांनी रस्त्यांची कामे काढली. उपाशी माणसांनी खडी फोडायची, मोजून काम द्यायचे आणि मजुरीतून धान्य विकत घ्यायचे. मार्च १८४७ मध्ये या कामांवर सात लाखांहून अधिक माणसे होती. हिवाळा कडाक्याचा, अंगावर धड कपडे नाहीत, धान्याचे भाव मजुरीच्या कितीतरी पुढे. अशक्त माणूस काम कमी करतो, म्हणून त्याला मजुरी कमी, म्हणून तो आणखी अशक्त. माणसे त्या रस्त्यांवरच मेली. त्यानंतर सरकारने नाइलाजाने अटीचा आग्रह सोडला आणि सूप वाटायला सुरुवात केली. जुलै १८४७ मध्ये दिवसाला सुमारे तीस लाख लोकांना थेट जेवण मिळत होते. म्हणजे ते शक्य होते, यंत्रणा होती, अन्न पोहोचत होते. तरीही काही महिन्यांत ती केंद्रे बंद केली गेली आणि भार गरिबांच्या कायद्यावर टाकला गेला. त्यात नवे कलम आले: ज्या कुटुंबाकडे पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याला मदत मिळणार नाही. अन्न हवे असेल तर पेरायची जमीन सोडून दे. उत्पत्तीत माणसाला अन्नही मिळाले होते आणि बागही. इथे एकासाठी दुसरे हिरावले गेले.

त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. ब्रिटिश तिजोरीच्या वतीने मदतकार्य सांभाळणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन हे धर्मनिष्ठ गृहस्थ होते. १८४८ मध्ये त्यांनी लिहिले की या आपत्तीत परमज्ञानी आणि परमदयाळू ईश्वराचाच हात आहे. मला हे वाक्य वाचताना आजही राग येतो. ‘चोच दिली तो चाराही देईल’ यावर विश्वास ठेवण्याऐवजी या माणसाने चारा अडवण्याचे श्रेय चोच देणाऱ्याला दिले. ईश्वरी योजनेचे नाव घेऊन माणसाने आपली जबाबदारी झटकण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. बी, पाऊस आणि माती ही वरची बाजू. वाटप ही खालची. दुसऱ्या अध्यायात पावसाच्या शेजारी माणूस ठेवला आहे तो याचसाठी.

येशूचा प्रेषित पौल याचे वाक्य या वादात हमखास येते. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो म्हणतो की जो काम करायला तयार नाही त्याने खाऊही नये. हे वाक्य पुढे १९१८ च्या रशियन घटनेत आणि १९३६ च्या सोव्हिएत घटनेच्या बाराव्या कलमात घोषणेच्या रूपात गेले, पौलाच्या नावाशिवाय. भांडवली आणि साम्यवादी या ज्या दोन व्यवस्था एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, त्यांचे एकमत इथे झाले. पण पौल बोलतोय ते कोणाशी? एकत्र राहणाऱ्या, एकमेकांचे अन्न वाटून खाणाऱ्या छोट्या मंडळीशी, जिच्यातल्या काहींनी धडधाकट असून काम सोडले होते आणि ते लोकांच्या भानगडींत नाक खुपसत हिंडत होते. तो स्वतः तंबू शिवण्याचा व्यवसाय करून पोट भरत असे. भावाने भावाला दिलेली ती कानउघाडणी आहे. राज्याने धान्याच्या कोठाराला कुलूप घालण्याचा तो परवाना नव्हे. ज्याला काम मिळाले नाही, जो करू शकत नाही, ज्याच्याकडे बाळ किंवा म्हातारे माणूस आहे, त्यांच्याबद्दल पौलाने तिथे एक शब्दही काढलेला नाही.

बायबलने काम आणि अन्न यांचा मेळ कसा घातला ते पाहायचे तर ‘निर्गम’ या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडावा. मिसरातून सुटलेल्या लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे आकाशातून येणारा आहार, पडतो. तो तोंडात येऊन पडत नाही. पहाटे उठून, ऊन चढायच्या आत वेचावा लागतो, नाहीतर वितळतो. म्हणजे काम आहेच. पण माप ठरते ते तंबूतल्या डोक्यांवर, माणशी एक ओमर. कोणी जास्त वेचला, कोणी कमी. मापून पाहिले तेव्हा जास्तवाल्याकडे उरले नाही आणि कमीवाल्याला कमी पडले नाही. ज्यांनी सकाळपर्यंत साठवून ठेवला त्यांच्या साठ्यात किडे पडले. सहाव्या दिवशी दुप्पट मिळाला, सातव्या दिवशी रान रिकामे. सगळ्यांनी वेचायचे, आणि खायचे ते वेचलेल्याच्या प्रमाणात नव्हे तर भुकेच्या प्रमाणात. पौलालाही हा अध्याय पाठ होता. करिंथ नगरातल्या मंडळीकडे गरिबांसाठी वर्गणी मागताना त्याने याच मापाचा दाखला दिला.

येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात हेच पुढे जाते. दिवस मावळायला तासभर उरला असताना मालकाला नाक्यावर माणसे उभी दिसतात. दिवसभर इथे रिकामे का उभे, असे तो विचारतो. ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. त्यांनाही तो पूर्ण दिवसाचा दिनार देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर मला समजते. पण संध्याकाळी घरी जेवणारी तोंडे किती, हे शेवटच्या तासाला आलेल्या माणसाच्या बाबतीत कमी झालेले नसते.

आता सत्तेचा मुद्दा. ‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ या वचनाने निसर्गाचा नाश केला, हा आरोप लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ मध्ये एका गाजलेल्या लेखात केला. त्यात तथ्य आहे, कारण ते वचन तसेच वापरले गेले. पण पुढचेच वचन ती सत्ता कुठवर चालते ते सांगते: ज्या मासे-पाखरांवर राज्य दिले ती माणसाच्या ताटात नाहीत. मांस खाण्याची मुभा महापुरानंतर, नवव्या अध्यायात येते. मुळातली सत्ता म्हणजे प्रजेला न खाणाऱ्या राजाची. आणि पाखरे-जनावरेही त्याच पंगतीला बसलेली आहेत, तेव्हा माणूस सगळे पान एकट्याने ओढू शकत नाही. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे आणि उरेल ते रानातल्या जनावरांनी, असा नियम निर्गमात आहे. शत्रूच्या नगराला वेढा घातलेला असतानाही फळझाडावर कुऱ्हाड घालू नये, असा बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात.

या देणगीत बी आहे, ही गोष्टही दुर्लक्षिली जाते. एकाच वचनात ती दोनदा सांगितली आहे. देवाने नुसते फळ दिले नाही, पुढच्या वर्षीचे फळ ज्यातून येईल तेही दिले. म्हणून घेणारा कायमचा हात पसरणारा राहत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की पेटंट असलेले सोयाबीन पेरून आलेल्या दाण्यांपासून शेतकऱ्याने परवानगीविना पुन्हा पीक काढणे हा पेटंटचा भंग आहे. कायद्याच्या चौकटीत तो निकाल समजू शकतो. संशोधनाला पैसा लागतो हेही खरे. तरी ज्या दाण्यात पुढचा दाणा निसर्गतः असतो, त्यातला पुढचा दाणा वेगळा काढून त्यावर मालकी सांगणे ही मला त्या पहिल्या देणगीत केलेली काटछाट वाटते. अन्नाची हमी आणि बियाण्याचा हक्क हे दोन वेगळे विषय म्हणून चर्चिले जातात. उत्पत्तीत ते एकाच वाक्यात आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसे उपाशी होती. २०२२ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून वाया गेलेले अन्न १०५ कोटी टन होते. म्हणजे वरची बाजू आजही कमी पडलेली नाही.

यंत्रे माणसाची कामे घेऊ लागली आहेत, तेव्हा आता दोन प्रश्न एका दमात विचारले जातात: लोक खातील काय आणि करतील काय? एकाच पगाराने इतकी वर्षे दोन्हींची उत्तरे दिली, म्हणून आपल्याला ते एकच वाटतात. पगार गेला की भाकरीही जाते आणि आपण कशासाठी आहोत हेही हरवते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवघड असले तरी स्पष्ट आहे. पृथ्वीने आणि यंत्रांनी जे पिकवले त्यात प्रत्येक तोंडाचा वाटा आहे, आणि तो वाटा रोजगाराच्या दाखल्यावर अवलंबून ठेवता येणार नाही. ज्यांना ही कथा पवित्र वाटते त्यांनी तरी अशा हमीला आळसाचे अनुदान म्हणू नये.

दुसरा प्रश्न पैशाने सुटत नाही. नुसते खायला घालून माणसाला काहीच न सोपवणे हाही त्याचा अपमानच आहे. दुसऱ्या अध्यायातल्या देवाने तसे केले नाही. पण सोपवायचे म्हणजे काय? त्या अध्यायात माणूस प्रत्यक्ष करताना दाखवलेले पहिले काम शेतीचे नाही. देव जनावरे आणि पाखरे त्याच्यासमोर आणतो आणि तो त्यांना काय नावे देतो ते पाहत थांबतो. आदाम एकेकाकडे पाहतो आणि नाव देतो. त्यातून धान्याचा दाणा निघत नाही, कोणाला काही विकता येत नाही, आणि ते काम देव स्वतः करत नाही. माणसासाठी राखून ठेवतो. आजारी आईजवळ बसणे, मूल वाढवणे, नदीचे पाणी तपासत राहणे, मरणाऱ्या भाषेतले शब्द नोंदवणे, ही त्याच जातीची कामे आहेत आणि ती करणारे बहुतेक लोक कोणाच्याही हजेरीपटावर नसतात. त्यांना आधी नोकरी शोधल्याचा पुरावा द्या आणि मग मदत मागा असे सांगणारे सरकार त्यांच्या हातातले काम सोडायला लावते. ती अट काढून टाकणे हा कायद्यातल्या एका कलमाचा बदल आहे, आणि तो उद्या करता येईल.